आमच्या गाळ्यातलं पोस्ट

तारीख एक एप्रिल, वार सोमवार. ठरलेली रक्कम महिना तीनशे रुपये, अनामत नाही. हजर माणसं चार: माझी आई, मी, समोरचे किराणा दुकानवाले आप्पा आणि कंधारकडून बदलून आलेले एक गृहस्थ. त्यांना पुढं सगळं गाव नुसतं 'मास्तर' म्हणू लागलं, म्हणून मीही तेवढंच म्हणतो.

आमच्या घराला लागून रस्त्याच्या बाजूला एक गाळा आहे. दहा बाय बारा, वर पत्रे, एक खिडकी. तोवर त्यात रिकामी पोती आणि बंद पडलेला कूलर असायचा. गावाला नवीन शाखा पोस्ट मंजूर झालं होतं, आणि अशा पोस्टाला सरकार जागा देत नाही, ती मास्तरनंच शोधायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी चाकूरला एका आडतीवर हिशेब लिहितो, त्यामुळं बोलणी मी करत होतो. तीनशे ठरल्यावर मी पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. मास्तरांनी खिशात हात घातला नाही.

"गाळा कुणाच्या नावावर हाय?" त्यांनी विचारलं.

"आईच्या. पण व्यवहार मी बघतो."

"बघा की. पैसे मात्र त्यांच्या नावानं येतील. मनिऑर्डरनं."

आप्पा मोठ्यानं हसले. "अवो मास्तर, काकू ह्या बसल्या तुमच्या म्होरं. हात लांबवला की पोचले पैसे!"

"हात लांबवून दिलेलं घरात जिरून जातं, आप्पा," मास्तर म्हणाले. "पोस्टातनं आलेलं माणसाच्या नावावर येतं."

मनिऑर्डरला शंभराला पाच रुपये पडतात. म्हणजे तीनशेला पंधरा आणि वर्षाला एकशे ऐंशी. मी तिथल्या तिथं सांगितलं की हे पैसे तुम्ही पाण्यात घालताय. ते म्हणाले, "नव्या पोस्टाला पहिलं गिऱ्हाईक कोण देणार? मीच झालो." एवढं बोलून ते गाळा झाडायला लागले.

पन्नाशीला आलेला, वाळका माणूस. पांढरा सदरा, मेच्या उन्हातही मनगटापर्यंत बटणं लावलेली. अंगावर सरकारी कपडे नव्हते, पण टपाल वाटायला निघताना डोक्याला खाकी टोपी घालायचे. ती कुठून आणली होती कोण जाणे. गाळ्यात एकटेच: पत्रं घेणारे तेच, शिक्का मारणारे तेच, वाटणारेही तेच.

पहिली मनिऑर्डर मला नीट आठवते. आमच्या गाळ्यातून निघालेले पैसे तालुक्याला जाऊन तिसऱ्या दिवशी परत आमच्याच गाळ्यात आले. मास्तरांनी गाळ्याला कुलूप लावलं, टोपी घातली, पिशवी खांद्याला अडकवली आणि दहा पावलं चालून आमच्या दारात येऊन हाक मारली, "द्रौपदाबाई माणिकराव, हजर हायत का?"

आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. "अवो, हितंच हाय की! आत्ता तर तुमाला च्या दिला."

"हजर हायत का न्हाई ते सांगा."

"हाय बाबा, हजर हाय."

"दस्कत करा हितं."

आईनं सवयीनं अंगठा पुढं केला. ती फार पूर्वी बायकांच्या रात्रीच्या वर्गाला जाऊन सही शिकली होती. पण पुढं तिच्या सहीची कुणाला गरजच पडली नाही. वडील होते तोवर ते करायचे, नंतर मी. मास्तरांनी अंगठा घेतला नाही. "येतं का दस्कत?" एवढंच विचारलं आणि पेन दिलं. आईनं ताट बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि 'द्रौपदा' एवढी तीन अक्षरं लिहायला इतका वेळ लावला की आप्पा दुकानातून उठून बघायला आले. तीनशे रुपये तिनं मोजले नाहीत. कमरेच्या पिशवीत ठेवले आणि माझ्याकडं दिले ते संध्याकाळी. दुसऱ्या महिन्यापासून तेही बंद झालं.

त्यांच्या एकेका सवयीची गावाला करमणूक होती. रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायची, पहिला ठसा वहीत घ्यायचा आणि दुसरा स्वतःच्या डाव्या हाताच्या पाठीवर. संध्याकाळी आंघोळ होईपर्यंत ती तारीख हातावर असायची. शाळेतली पोरं हात पुढं करून रांग लावायची. "हा सरकारी शिक्का हाय, कातडीवर मारायला न्हाई," असं मास्तर दरडावायचे.

"मग तुमच्या हातावर कसा हाय?"

"हा हात पोस्टाचाच हाय."

अंगठ्यावर चालणारं यंत्र त्यांच्याकडं होतं. निराधारांचे पैसे त्यावर मिळायचे. शेतात राबलेल्या बायांचे अंगठे त्या यंत्राला दिसायचेच नाहीत. मास्तर कोमट पाण्याचा तांब्या घेऊन बसायचे, एकेक बोट धुवायला लावायचे. "न्हाई दिसत, उद्या या," असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. अनामिकेवर पैसे निघाले की त्या बोटाचं नाव कागदावर लिहून द्यायचे, पुढच्या खेपेला शोधाशोध नको म्हणून.

आई त्यांना सकाळी चहा पाठवायची. ते आपला स्टीलचा पेला पुढं करायचे, कपातला चहा त्यात ओतून घ्यायचे आणि कप तसाच परत द्यायचे. मला वाटलं, हीही एक सवय. मास्तर बौद्ध होते. गाळ्याच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली घड्याळ. आईच्या लक्षात माझ्याआधी आलं.

"मास्तर, मपल्या कपाला काय झालंय?"

"काही न्हाई काकू. लहानपणापासनं सवय हाय."

चार दिवसांनी पाकिटं चिकटवायची खळ संपली म्हणून ते आमच्याकडं मैदा मागायला आले. आईनं खळ शिजवली आणि त्यांच्याच टेबलावरचा स्टीलचा पेला उचलून त्यात काठोकाठ भरली.

"काकू, ह्यो माझा च्याचा पेला..."

"आता ह्याच्यात खळ झाली. च्या कपातच प्यावा लागंल."

मास्तरांनी चहाचा कप उचलला. त्यानंतर तो पेला पोस्ट असेपर्यंत खळीचाच राहिला.

मास्तरांचं खरं वेड होतं पत्ता. पोस्ट येण्याआधी आमच्या गावचं टपाल दुसऱ्या एका मोठ्या गावाहून यायचं. त्यामुळं आमचा पत्ता 'मु.' आमचं गाव आणि 'पो.' ते थोरलं गाव, असा दोन तुकड्यांत होता. पोस्ट आल्यावर 'मु.पो.' एकत्र झालं, आणि मास्तरांनी ते गाळ्याच्या दारावर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं. कुणी जुन्या पद्धतीनं पत्ता लिहिला की पत्र घ्यायचे, पण आधी त्याच्याच हातानं दुरुस्त करायला लावायचे. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिका उदगीरहून छापून आल्या त्या जुन्या पत्त्याच्या. छापणाऱ्यानं माझ्या जुन्या कागदावरून पत्ता उचलला होता. मी म्हटलं, असू द्या, लग्न तर गावातच आहे. मास्तर जेवणाच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर बसले आणि अडीचशे पत्रिकांवर 'पो.' पुढचं नाव खोडून वर 'मु.पो.' लिहिलं. बायको चिडली, लग्नाच्या कागदावर खाडाखोड कशाला म्हणून. "वहिनी," मास्तर मान वर न करता म्हणाले, "लेक सासरी जाऊन माहेराला पत्र लिहील. कुठं लिहील ते तिला कळायला नको?" मुलगी पत्र लिहिणार नव्हती, फोन करणार होती.

थोरल्या गावाचा टपालवाला सगळं टपाल आप्पांच्या दुकानात टाकून जायचा. तिथं बिस्किटाचा एक मोठा डबा होता. ज्यानं त्यानं येऊन आपलं शोधून न्यायचं. ओढ्यापलीकडं बौद्ध वस्ती आहे, वीस-बावीस घरं. त्यांचं टपालही याच डब्यात पडायचं आणि तिकडचं कुणी साखर न्यायला येईपर्यंत पडून राहायचं. आप्पा वाईट नव्हते. "मी काय मुद्दाम ठेवून घेत हुतो का?" असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तो डबा रिकामा करून घेतला आणि तळाशी निघालेलं सगळं पायी जाऊन वाटलं. तेव्हापासून त्यांचा एकच नियम: दारात जायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. शेजाऱ्याकडं ठेवायचं नाही, फटीतून टाकायचं नाही, पोराच्या हाती धाडायचं नाही. मला तो नियम वेळखाऊ वाटायचा. त्यामागं काय होतं ते कळायला वेळ लागला.

चौथं वर्ष सरत आलं तेव्हा वरच्या कचेरीचं पत्र आलं. फेब्रुवारीत पंधरा दिवस टपाल मोजलं जाईल, किती येतं, किती जातं, मास्तर वेळेवर गाळ्यात असतो का. त्यावरून पोस्ट ठेवायचं की थोरल्या गावात विलीन करायचं ते ठरेल. हे कळल्यावर गाव पहिल्यांदा पोस्टाच्या बाजूनं उभं राहिलं. वस्तीवरच्या बाया सगळ्यांत आधी गाळ्यासमोर येऊन बसल्या. पोस्ट गेलं की परत डबा, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरपंच म्हणाले, "मोजायचंच हाय ना? मग मोजा म्हणावं!" ठरलं असं की प्रत्येक घरानं रोज गावातल्याच कुणाला तरी एक पोस्टकार्ड टाकायचं.

गावानं कार्डं लिहिली. पन्नास पैशांत एवढी मजा कुणी केली नसेल. एका सुनेनं एकाच घरात राहणाऱ्या सासूला लिहिलं, "सासूबाई, वरणात मीठ बेतानं टाकावं." सासूनं उलट टपाली उत्तर दिलं. आप्पांनी संधी साधून सगळ्या गिऱ्हाइकांना उधारीची आठवण धाडली. पुष्कळ जणांना लिहायला काही सुचलं नाही, त्यांनी नुसता पत्ता घालून कोरी कार्डं टाकली. तालुक्याहून कार्डांचे गठ्ठे दोनदा मागवावे लागले.

पण सगळी कार्डं तालुक्याला जाऊन परत आमच्याच गावात येत होती, आणि आलेलं प्रत्येक कार्ड मास्तर दारात नेऊन, नाव घेऊन, हातात देत होते. आधी दिवसाला पाच-सात जिन्नस असायचे, आता दोन-अडीचशे. मी सांगून बघितलं, "मास्तर, गावातलंच गावाला आहे. शिक्का मारा आणि ठेवून द्या. मोजणीला तेवढंच लागतं."

"मोजलं म्हणजे पोचलं का?" ते म्हणाले आणि टोपी घातली.

बाराव्या दिवशी अमावास्या होती. त्या दिवशी आडत बंद, म्हणून मी घरी होतो. अकराच्या सुमारास एक जीप गाळ्यासमोर थांबली. तपासणीचे साहेब. गाळ्याला कुलूप, कुलपावर पाटी: 'टपाल वाटायला गेलो आहे.' आईनं साहेबांना ओसरीवर बसवलं. मी मास्तरांना फोन लावला, तो कुलपाआड टेबलाच्या खणात वाजला. चालता चालता बोलणं नको म्हणून ते मोबाइल खणात ठेवून जायचे. मी मोटारसायकल काढली.

मास्तर ओढ्यापलीकडं एका बंद दारासमोर बाभळीच्या सावलीत दगडावर बसले होते. हातात एकच कार्ड.

"मास्तर, चला! साहेब आलेत, गाळ्याला कुलूप आहे!"

"येतो. ही बाई हरभरा काढायला गेलीय. येईलच एवढ्यात."

"काय लिहिलंय त्या कार्डावर?"

त्यांनी कार्ड उलटं करून दाखवलं. कोरं होतं.

"अहो, कोऱ्या कार्डासाठी? शेजारी द्या आणि बसा मागं!"

"कोरं असलं तरी नाव तिचं हाय."

मला राग आला. मी म्हटलं, तुमच्या या हट्टानं पोस्ट जाईल आणि याच वस्तीचं टपाल परत डब्यात जाऊन पडेल. तेव्हा ते पहिल्यांदा आणि शेवटचं त्याबद्दल बोलले. त्यांच्या लहानपणी वस्तीचं टपाल पाटलांच्या ओसरीवरच्या कोनाड्यात पडायचं. ओसरी चढायची सोय नव्हती. खाली उभं राहून विचारायचं, कुणी मोकळं असलं तर बघायचं. थोरल्या भावाचा नोकरीचा कॉल त्या कोनाड्यात होता. "दोनदा विचाराया गेलो हुतो मी. न्हाई म्हन्ले. मुद्दाम न्हाई, बघितलंच न्हाई कुणी." मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर कॉल सापडला. भाऊ आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबत राहिला.

मी गाडी बंद केली आणि उभा राहिलो. म्हातारी आली, डोक्यावर हरभऱ्याची पेंढी.

"सखुबाई किसन, हजर हायत का?"

"हाय की रं लेकरा." तिनं कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. "काय लिवलंय?"

"काही न्हाई लिवलं."

"मग कामून आनलंस एवढ्या उन्हाचं?"

"तुमचं हाय म्हणून."

म्हातारीनं कार्ड चंचीत घातलं आणि त्यांना पेंढीतले घाटे काढून दिले. ते घेऊन आम्ही निघालो. साहेब सव्वा तास बसून होते. आईनं त्यांना दोनदा चहा आणि एकदा पोहे दिले होते. माणूस समजूतदार होता. "मास्तर, वेळेत कुलूप दिसलं, मला लिहावं लागणार. तुम्ही एवढंच लिहून द्या, तब्येत बरी नव्हती, दवाखान्यात गेलो होतो. मी पुढं बघतो."

"टपाल वाटाया गेलो हुतो साहेब."

"ते मला माहीत आहे. कागदावर काय चालतं ते सांगतोय."

मी मास्तरांचा दंड धरला. गाळ्यासमोर लोक जमले होते, वस्तीवरचे चार जणही धावत आले होते. मास्तरांनी हातातले घाटे टेबलावर ठेवले, कागद घेतला आणि सावकाश लिहिलं: टपाल वाटत होतो. आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

मी आकड्यांचा माणूस आहे, म्हणून खरं ते सांगतो. त्या कुलपामुळंच पोस्ट गेलं असं मी म्हणणार नाही. जमाखर्च कधीच जुळत नव्हता. पण पंधरा दिवस गावानं कार्डं टाकली नसती तर मास्तर अकरा वाजता खुर्चीवर असते, हेही तितकंच खरं. वाचवायला म्हणून टाकलेलं टपालच त्यांना टेबलावरून उठवून घेऊन गेलं.

जूनच्या एकवीस तारखेला पोस्ट बंद झालं. टपालाची पेटी भिंतीवरून काढली, चार भोकं राहिली, ती मी अजून बुजवलेली नाहीत. मास्तरांना कंधारकडच्या एका पोस्टात पत्रं वाटायचं काम मिळालं. जाताना भाड्याचा विषय निघाला. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "एकवीस दिवस वापरलाय गाळा. येतील पैसे." खळीचा पेला आईनं घासून द्यायला काढला. तो त्यांनी घेतला नाही. आईच्या हातचा चहा कपातून प्यायले आणि बसला गेले.

तीन आठवड्यांनी समोरून आप्पांची हाक आली. "काकू, तुमची मनिऑर्डर हाय म्हणं! पोस्टाचा पोरगा माझ्याकडं बसलाय. या दस्कत कराया!"

थोरल्या गावाचा नवा टपालवाला. पंचविशीचा, मोटारसायकलवाला, सहा-सात गावं त्याच्याकडं. डबा परत सुरू झाला होता.

आई दारातच बसली होती. "हितं ये म्हणावं."

"काकू, रस्ता तर ओलांडायचा हाय!"

"मास्तराला दहाच पावलं हुती. तरी टोपी घालून यायचा."

पोरगा हसला, उशीर झाला म्हणून निघून गेला. दुसऱ्या फेरीलाही तेच. पैसे आईच्या नावावर, त्यामुळं मला घेता येईनात, आणि आठवडा उलटला की मनिऑर्डर परत फिरणार. मी आईला म्हटलं, दोनशे दहा रुपयांसाठी एवढं कशाला ताणतेस? ती म्हणाली, "पैशाचं कोण बोलून राहिलंय?"

सहाव्या दिवशी मोटारसायकल आमच्या दारात थांबली. "घ्या आजी, जिंकल्या तुमी."

"नाव घेऊन हाक मार."

पोरानं माझ्याकडं बघितलं, मग कागद वाचला. "द्रौपदाबाई माणिकराव."

"आन् हजर हायत का म्हन."

"हजर हायत का?"

"हाय," आई म्हणाली आणि एका झटक्यात सही केली. कागदावरचा आमचा पत्ता मी वाचला: मास्तरांनी तो 'मु.पो.' असाच दिला होता. पोस्ट बंद झाल्याचं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांच्या हातून गेलेला, मला माहीत असलेला हा एकच चुकीचा पत्ता. मनिऑर्डर पिनकोडावर पोचली.

आईनं पोराच्या पिशवीत डोकावलं. "त्ये पाकीट कुनाचं?"

"वस्तीवरचं हाय. सखुबाई किसन. आप्पाकडं ठेवतो."

"ओढ्याला अजून पानी न्हाई. गाडी जाती."

पोरानं गाडी ओढ्याकडं वळवली. रोज जातो असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी गेला.

शेवटी दिलेली रक्कम दोनशे दहा रुपये, जूनच्या एकवीस दिवसांचं भाडं. कुणाला दिली: द्रौपदाबाई माणिकराव यांना, त्यांच्या दारात, त्यांच्या हातात.